यंत्राचे वाचन आणि माणसाची दुरुस्ती



यंत्र आपण होऊन वाचायला शिकले, असे हल्ली सांगितले जाते. ते कसे शिकले आणि त्याच्या चुका कोणी काढल्या, हा इतिहास मात्र क्वचितच ऐकू येतो. तो आज थोडक्यात मांडतो.

१९८४ साली अमेरिकेत डग्लस लेनाट यांनी 'सायक' नावाचा उद्योग आरंभिला. व्यवहारज्ञान माणसांनी एकेक विधान करून संगणकात भरायचे, ही त्याची रीत. वर्षे लोटली, विधानांचा डोंगर झाला. पण जगाचे ज्ञान काही भरून संपेना.

पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल आणि त्यांचे सहकारी यांनी उलट वाट धरली. जानेवारी २०१० मध्ये त्यांनी 'नेल' ही प्रणाली सुरू केली. शहर, कंपनी, खेळाडू अशा शंभराहून अधिक वर्गांची दहा-पंधरा उदाहरणे तिला दिली आणि इंटरनेटवरील सुमारे ५० कोटी इंग्रजी पानांचा मजकूर पुढे ठेवला. 'अमक्याचे महापौर' असे शब्द दिसले की ते अमुक म्हणजे शहर, हे ती ताडी. ओळखलेल्या नावांवरून नव्या शब्दरचना आणि त्यांवरून पुन्हा नवी नावे, असा हा रहाट रात्रंदिवस चाले. ६७ दिवसांत सुमारे २,४२,००० तथ्ये जमली. त्यांतली शेकडा ७४ खरी असावीत, असा अंदाज निघाला. आणि दिवस जात तसे खऱ्याचे प्रमाण घसरत होते.

का घसरले? इंग्रजीत 'कुकी' म्हणजे बिस्किट. आणि संकेतस्थळे आपल्या संगणकावर जी बारीकशी नोंद ठेवतात, तिलाही कुकीच म्हणतात. नेलने ही नोंद भट्टीच्या मालात जमा केली. लोक कुकी पुसून टाकतात, तशा फायलीही पुसतात. तेव्हा फायलीही भट्टीत गेल्या! एका चुकीच्या पोटी दुसरी जन्मली. अखेर जून २०१० पासून संशोधक दर पंधरवड्याला प्रत्येक वर्ग पाचेक मिनिटे तपासून ढळढळीत चुका दुरुस्त करू लागले.

कामगार चळवळीत आम्हांला हे नवे नाही. गिरणीच्या फाटकावरची अफवा तीन पाळ्या फिरली की बातमी होते. दहा जणांनी सांगितले म्हणजे दहा पुरावे नव्हेत. दहाही जणांनी एकाच तोंडून ऐकलेले असते. म्हणून संपाचा ठराव करण्यापूर्वी आम्ही विचारतो, "तू स्वतः पाहिलेस काय?" यंत्राच्या वतीने हा प्रश्न माणसालाच विचारावा लागतो.

आजची यंत्रे नेलहून कितीतरी पट वाचतात, पण दुरुस्ती करणारे हात सुटलेले नाहीत. अशाच एका यंत्रासाठी घाणेरडा मजकूर वाचून निवडणाऱ्या केनियातील कामगारांना ताशी दोन डॉलरांहूनही कमी मजुरी मिळाली, हे २०२३ साली 'टाइम' नियतकालिकाने उघड केले. लिहिणारे लाखो, तपासणारे हजारो. आणि नाव मात्र यंत्राचे. तेव्हा यंत्र किती शिकले हे जरूर विचारा. पण त्याला शिकवणाऱ्याच्या हाती किती पडले, हेही त्याच दमात विचारा.