स्नो-पावडरमधला स्नो

‘वेणीफणी’, ‘हळदकुंकू’, ‘काजळ-टिकली’ या जोड्यांच्या पंक्तीत मराठीने एक अख्खी इंग्रजी जोडी कधीच बसवून घेतली : स्नो-पावडर. लग्नाला निघायला उशीर होत असला की घरातली वडील माणसं ‘झाली का तुमची स्नो-पावडर?’ म्हणून ओरडायची. त्यात कौतुकही असायचं, थोडा टोमणाही असायचा. यातली पावडर अजून घरोघर आहे. स्नो मात्र हळूहळू दिसेनासा झाला, इतका की आज वीस-बावीस वर्षांच्या मुलीला ‘स्नो म्हणजे काय गं?’ असं विचारलं तर ती मनालीचे फोटो दाखवेल.

दिसेनासं होणं हा त्याचा धर्मच होता म्हणा. स्नो म्हणजे व्हॅनिशिंग क्रीम. काचेच्या ठेंगण्या बाटलीत पांढरंशुभ्र, मोत्यासारखी झाक असलेलं. बोटभर घेऊन गालावर चोळलं की आधी फेसासारखं पांढरं व्हायचं आणि पाहता पाहता जिरून जायचं. मागे तेलकटपणा नाही, चिकटपणा नाही. उरायचा फक्त एक कोरडा, मऊ थर. त्यावर पावडर छान बसायची आणि घामाने लगेच ओघळायची नाही. स्नोचं काम एवढंच.

त्याच्या आधीची पिढी म्हणजे कोल्ड क्रीम, आणि ती फार जुनी. दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गॅलेन याच्या नावावर तिची कृती सांगितली जाते : मधमाश्यांचं मेण, ऑलिव्हचं तेल आणि गुलाबपाणी. हे मिश्रण कातडीला लावलं की त्यातलं पाणी उडून जाताना गारवा वाटतो, म्हणून नाव ‘कोल्ड’. युरोपने पुढे शतकानुशतकं ते वापरलं. पण ते तेलकट. रात्री झोपताना लावायला ठीक, सकाळी लावून बाहेर पडलं तर चेहरा चमकणार आणि रस्त्यावरची धूळ त्यावर चिकटणार.

तेल नसलेलं क्रीम हवं असेल तर स्निग्ध पण कोरडा असा पदार्थ हवा. तो सापडला मेणबत्तीच्या धंद्यात.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मिशेल यूजीन शेव्रल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ चरबीच्या मागे लागला होता. चरबी ही एकच वस्तू नसून तिच्यात ग्लिसरीन आणि वेगवेगळी आम्लं बांधलेली असतात, हे त्याने उलगडलं. त्या आम्लांपैकी एक पांढरं, कडक आणि हाताला कोरडं लागणारं. चरबीच्या ग्रीक नावावरून ते स्टिअरिक आम्ल झालं. १८२३ मध्ये शेव्रलचा चरबीवरचा ग्रंथ आला आणि १८२५ मध्ये त्याने गे-ल्युसॅकच्या जोडीने या आम्लाच्या मेणबत्त्यांचं पेटंट घेतलं. चरबीच्या मेणबत्त्या धुरकट जळायच्या, घाण वास मारायच्या. नव्या मेणबत्त्या स्वच्छ जळू लागल्या, त्यांचे कारखाने निघाले आणि स्टिअरिक आम्ल स्वस्त झालं. शेव्रल पुरी १०२ वर्षं जगला. १८८९ मध्ये तो गेला, त्याच्या मेणबत्तीचं मलम होण्याच्या थोडं आधी.

कारण मलमाची कृती मेणबत्तीहून फार लांबची नव्हती. स्टिअरिक आम्ल वितळवायचं, गरम पाण्यात थोडा पोटॅशसारखा अल्कली विरघळवून त्यात ओतायचं, ग्लिसरीन घालायचं आणि थंड होईपर्यंत घोटायचं. आम्लाच्या थोड्या भागाचा अल्कलीशी संयोग होऊन साबण बनतो. तो साबण उरलेल्या आम्लाचे बारीक कण पाण्यात धरून ठेवतो. या मिश्रणात पाणीच सत्तर-ऐंशी टक्के. चेहऱ्यावर चोळल्यावर पाणी उडतं आणि स्टिअरिक आम्लाचा अतिशय पातळ पापुद्रा मागे राहतो. चोळताना दिसणारा फेस हा त्या साबणाचा, आणि बाटलीतली मोतिया झाक आम्लाच्या स्फटिकांची.

‘स्नो’ हे नाव गाजवलं लंडनच्या बरोज वेलकम या औषध कंपनीने. विच हेझल नावाच्या अमेरिकी झुडपाचा अर्क ती ‘हेझलीन’ म्हणून विकायची. १८९२ मध्ये तिने ‘हेझलीन स्नो’ बाजारात आणला. योगायोग असा की तिची पुढची प्रतिस्पर्धी पॉन्ड्स हीसुद्धा याच झुडपाच्या अर्कावर उभी राहिली होती. थेरॉन पॉन्डने न्यूयॉर्क राज्यात १८४६ पासून तो अर्क जखमांवरचं औषध म्हणून विकायला काढला होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पॉन्ड्सने कोल्ड आणि व्हॅनिशिंग अशी दोन्ही क्रीमं आणली आणि १९१६ पासून एक सोपं गणित जाहिरातींतून बायकांच्या मनावर ठसवलं : रात्री कोल्ड, दिवसा व्हॅनिशिंग, एकाने भागायचं नाही. जाहिरातीच्या कोपऱ्यात कूपन असायचं. ते कापून पाठवलं की दोन्हींच्या नमुन्याच्या छोट्या ट्यूब घरी यायच्या. ‘आधी वापरून बघा’ ही आजच्या सौंदर्य बाजाराची हाक तेव्हाही होती. १९२० च्या दशकात तर रुमानियाच्या राणी मेरीही पॉन्ड्सच्या जाहिरातीत झळकल्या.

राणीने साक्ष द्यावी असं या मलमात होतं काय? चेहरा रंगवणं हे तेव्हा युरोपातल्या घरंदाज बाईला शोभत नसे. रंग होता तो नटीचा, नाहीतर बदनाम वस्तीतला. व्हॅनिशिंग क्रीम लावलं तरी लावलेलं दिसत नव्हतं. शिवाय ते औषध कंपन्यांकडून आलेलं, म्हणजे नटणं नव्हे, काळजी घेणं. आपल्याकडेही वेगळं नव्हतं. रंगलेला चेहरा नाटक-तमाशाच्या फडातला. पण स्नो लावलेल्या सुनेकडे पाहून सासूला बोट ठेवायला जागा मिळायची नाही.

स्नो पूर्वेकडे आला आणि भाषांमध्ये घुसला. चिनी भाषेत व्हॅनिशिंग क्रीमला आजही ‘श्वेहुआगाव’ म्हणतात, शब्दशः ‘हिमफुलांचं मलम’. बंगालीत ‘स्नो’ मराठीइतकाच घरगुती झाला. दमट हवेच्या शहरांत त्याचं जमणं साहजिक होतं. मुंबईच्या मे महिन्यात तेलकट क्रीम कोण लावणार?

मुंबईत त्याला देशी बाप मिळाला तो इब्राहिम सुलतानअली पाटणवाला. राजस्थानातल्या झालरापाटणचे, म्हणून पाटणवाला. अत्तरं आणि तेलांच्या धंद्यातून ते प्रसाधनांकडे वळले आणि भायखळ्यात त्यांचा कारखाना उभा राहिला. १९१९ हे ‘अफगाण स्नो’चं जन्मवर्ष मानलं जातं. निळ्या बाटलीतला हा स्नो पुढची चाळीस-पन्नास वर्षं देशभर पोचला आणि नाटकवाल्यांच्या पेटीपासून नव्या नवरीच्या रुखवतापर्यंत सगळीकडे दिसू लागला.

नावाची एक गोष्ट सांगितली जाते. अफगाणिस्तानचे राजे झहीर शाह भारतात आले असताना पाटणवालांनी त्यांना आपल्या वस्तूंची परडी भेट दिली. एका बाटलीवर नावच नव्हतं. राजांनी झाकण उघडलं आणि ‘हे तर आमच्या अफगाणिस्तानातल्या बर्फासारखं!’ असे उद्गार काढले. नाव ठरलं.

गोष्ट गोड आहे, पण सनावळीत बसत नाही. झहीर शाहांचा जन्म १९१४ चा, म्हणजे १९१९ मध्ये ते जेमतेम पाच वर्षांचे. गादीवर आले ते १९३३ मध्ये. १९१९ मध्ये राज्यावर होते अमानुल्ला, आणि त्या उन्हाळ्यात त्यांचं इंग्रजांशी युद्ध चाललेलं. हे अमानुल्ला मुंबईत आले खरे, पण १९२७ च्या डिसेंबरात, युरोपच्या दौऱ्याची बोट पकडायला. तेव्हा एकतर राजा वेगळा असणार किंवा सन वेगळं. बाटलीवर राजाचा हात फिरलेला असावा ही हौस मात्र पॉन्ड्सच्या राणीइतकीच खरी.

दुसरी आख्यायिका गांधीजींची. स्वदेशीच्या लाटेत अफगाण स्नोवर बहिष्कार पडला, कारण आतला माल इथला असला तरी बाटली परदेशातून यायची. पाटणवालांनी गांधीजींना पत्र लिहून हा अन्याय असल्याचं कळवलं आणि गांधीजींनी त्यांची बाजू घेतली, असं सांगतात. तपशील कसेही असोत, त्या काळच्या देशी कारखानदाराची अडचण यातून नेमकी कळते. माल देशी ठरवायचा तो आतल्या वस्तूवरून की काचेवरून?

या धंद्यात नावांचीही एक गंमत आहे. सगळ्यांनी थंड मुलखांचेच पत्ते शोधले. मुंबईत अफगाण, कलकत्त्यात ‘हिमानी’, आणि बांगलादेशात अजूनही विकला जाणारा ‘तिबेट स्नो’. ज्यांनी जन्मात बर्फ पडताना पाहिलेला नाही, अशा घामाघूम शहरांना बाटलीतून हिमालय विकला जात होता.

खरं तर स्नोचा मुख्य घटक कोकणाच्या घरांत आधीपासून होता. रातांब्याच्या बियांतून निघणारं कोकमाचं तेल, काही भागांत त्याला भिरंडेल म्हणतात, ते थंड झालं की पांढरट-पिवळसर, कडक गोळा होतं. थंडीत टाचा फुटल्या की गोळा जरा गरम करून भेगांत भरायचा. या तेलातल्या स्निग्धाम्लांत निम्म्याहून अधिक वाटा स्टिअरिक आम्लाचा आहे. वरचा रंग टिकावा म्हणून खाली एक थर द्यावा, ही कल्पनाही आपल्या बायकांना नवी नव्हती. कोरडं कुंकू कपाळावर टिकावं म्हणून आधी मेणाचा ठिपका लावत आणि त्यावर कुंकू दाबत. कुंकवाच्या करंड्याशेजारी मेणाची छोटी डबी असायची ती त्याचसाठी. स्नोने तेच काम साऱ्या चेहऱ्यासाठी केलं.

पण ‘स्नो’ या शब्दाने सुरुवातीला जे सांगितलं ते हळूहळू बदललं. आधी बर्फ होता तो दिसण्यापुरता आणि गारव्यापुरता. पुढे त्यातला पांढरा रंग वर आला. गोरेपणाची हौस समाजात होतीच, बाजाराने तिला बाटली दिली. १९७५ मध्ये हिंदुस्थान लिव्हरने ‘फेअर अँड लव्हली’ आणली. तीही व्हॅनिशिंग क्रीमच, फक्त तिच्यात नायसिनामाइड हे ब जीवनसत्त्वाचं रूप होतं आणि वचन ‘दिसेनासं होण्या’चं नव्हतं, उजळ दिसण्याचं होतं. लग्नाच्या बाजारात आणि नोकरीच्या मुलाखतीत सावळ्या मुलीला कमी लेखणाऱ्या जाहिरातींवर पुढे कडाडून टीका झाली. २०२० मध्ये नावातला ‘फेअर’ गेला आणि ती ‘ग्लो अँड लव्हली’ झाली. नाव बदलायला ४५ वर्षं लागली.

त्याच सत्तरच्या दशकात एक मराठी क्रीम निघालं आणि तेही व्हॅनिशिंग. परळमध्ये केशव विष्णु पेंढरकरांनी १९५२ मध्ये सुरू केलेल्या विकोने हळदीचं क्रीम काढलं. क्रीम म्हणजे पांढरं, ही सवय मोडून पिवळं क्रीम विकायचं म्हणजे धाडसच. चेहरा पिवळा होईल ही गिऱ्हाइकांची भीती घालवायची होती, आणि त्यासाठी ‘जिरून जाणारा’ हा व्हॅनिशिंगचा जुना गुण कामी आला. हे क्रीम प्रसाधन की आयुर्वेदिक औषध, यावर अबकारी खात्याशी वर्षानुवर्षं खटला चालला. प्रसाधन ठरलं तर कर जास्त. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि कंपनीचं ‘औषध’ टिकलं. हेझलीन काढणाऱ्या औषधवाल्यांनी स्नोला दिलेला आडोसा कोर्टातही उपयोगी पडला.

मग स्नो गेला कुठे? साबणाच्या आधाराशिवाय तेल आणि पाणी एकत्र ठेवणारे नवे पदार्थ आले, त्यामुळे तेलकट न लागताही कातडी मऊ ठेवणारी लोशनं करता येऊ लागली. स्नो कातडीला ओलावा फारसा देत नसे, चेहरा ओढल्यासारखा वाटायचा. हिवाळ्यात तर जास्तच. पण पावडरीखाली गुळगुळीत थर देण्याचं त्याचं काम संपलं नाही. आज मेकअप करताना फाउंडेशनच्या आधी जो ‘प्रायमर’ लावतात, तो नेमकं तेच करतो. स्टिअरिक आम्लाऐवजी त्यात बहुतेक वेळा सिलिकोन असतं, आणि किंमत अफगाण स्नोच्या कैक पट.

घरातल्या क्रीममध्ये स्नोचं रक्त आहे का, हे पाहायचं असेल तर मागची घटकांची यादी वाचावी. पाण्यानंतर लगेच स्टिअरिक ॲसिड आणि पुढे कुठेतरी पोटॅशियम हायड्रॉक्साइड दिसलं, तर ते बाळ त्याच घराण्यातलं. दुसरी परीक्षा सोपी : हाताच्या पाठीवर वाटाण्याएवढं घेऊन भरभर चोळावं. आधी पांढरा फेस आणि मग काहीच नाही, असं झालं की समजावं.

पाटणवालांचं नाव मुंबईत राहिलं आहे ते रस्त्यावर. भायखळ्यात, राणीच्या बागेला लागून, ई. एस. पाटणवाला मार्ग आहे. त्या बागेत २०१६ पासून पेंग्विन आहेत आणि त्यांना पाहायला आलेली मुलं बर्फ कुठे आहे म्हणून विचारतात. हे हम्बोल्ट जातीचे पेंग्विन मूळचे पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. तिथे बर्फ नसतो.