वखर चालतो, विहीर चालत नाही

गझल लिहितो म्हणून अकोल्यात जो पोरगा माझ्याकडं येतो, त्याला मी आधी एकच विचारतो, अलामत सांभाळता येते का रे? मतल्यात, म्हणजे पहिल्या शेरात, ‘वावर’ आणि ‘भाकर’ बांधले, पुढं दर शेराला परत येणारा ‘आहे’ हा रदीफ ठेवला, की खालच्या शेरांत ‘वखर’ चालतो, ‘पाझर’ चालतो. ‘विहीर’ चालत नाही. शेवटचा ‘र’ तोच, पण त्याच्या आधीचा स्वर, म्हणजे अलामत, बदलला. पोरगा म्हणतो, सर, अर्थ तर किती चांगला आहे! असू दे बाप्पा. अर्थासाठी मुक्तछंद मोकळा आहे.

ही शिस्त सुरेश भटांची. 15 एप्रिल 1932 ला अमरावतीत जन्मलेला हा माणूस. माधव जूलियनांनी 1933 साली ‘गज्जलांजली’ काढून फार्सी वृत्तं मराठीत घुमवली खरी. पण दोन ओळींचा शेर स्वतःच्या पायावर उभा राहिला पाहिजे, हे मराठी कानाला पटवलं भटांनी. 1983 चा ‘एल्गार’ लोकांना पाठ आहे. मला त्यांची ‘गझलेची बाराखडी’ जास्त मोलाची वाटते. काफिया (यमक), रदीफ, अलामत हे सगळं उस्तादाच्या बैठकीत बसून मिळायचं. भटांनी ते साध्या मराठीत लिहून वाटून टाकलं. नवख्यांच्या गझला ते पत्रांतून दुरुस्त करून द्यायचे. कवी असं सहसा करत नाहीत.

हे वऱ्हाडातच का झालं? अचलपूर ही 1490 ते 1574 इमादशाहीची राजधानी. पुढं निजामाचा अंमल, तो 1853 ला इंग्रजांकडं गेला. राज्यं गेली, उर्दू राहिली. अचलपूर, बाळापूर, अकोला इथं उर्दू शाळा आजही भरतात. शेजारच्या अंगणातली भाषा शिकायला मुद्दाम कुठं जावं लागत नाही. यवतमाळचे भाऊसाहेब पाटणकर तर वकील आणि वाघाचे शिकारी. त्यांनी मराठीत शायरी केली ती मृत्यूचीसुद्धा थट्टा करत. नेम धरून थांबायचं आणि शेवटच्या ओळीला बार काढायचा, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

पण आमच्याकडं समोर बसलेल्या माणसासाठी रचायची चाल गझलेहून कितीतरी जुनी. तेराव्या शतकाच्या अखेरीस रिद्धपुरात महानुभाव पंथाच्या गोविंदप्रभूंना लग्नाची लहर आली. भक्तांनी ती झेलली आणि धवळे गायचं काम महदाइसेकडं आलं. धवळे म्हणजे वराला उद्देशून म्हणायची लग्नगीतं. तिनं रुक्मिणी-स्वयंवराची कथा घेतली आणि यमक साधत गात गेली. मराठीतली आद्य कवयित्री म्हणतात ती हीच. मला तिची दुसरी रचना अधिक चकित करते. ‘मातृकी रुक्मिणी स्वयंवर’मध्ये तिनं वर्णमालेच्या क्रमानं, एकेका अक्षरानं कडव्याची सुरुवात केली. अशी अट स्वतःवर घालून पाहा, म्हणजे कळेल.

जात्यावरच्या ओव्या याच घरातल्या. माझी आजी शाळेत गेली नव्हती. पण सोबतिणीचं यमक चुकलं की जात्याचा खुंटा धरून थांबायची, ‘काहून वो, कान कुठं ठेवला?’ म्हणायची. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या आणि ही परीक्षा बंद पडली.

रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ झालं आहे. धवळ्यांवर, ओव्यांवर, गझलेवर तिथं प्रबंध होतीलच. माझी मागणी वेगळी आहे. पदवीला एक पेपर रचनेचा ठेवा. विद्यार्थ्यानं वर्गासमोर उभं राहून चार ओव्या, दोन धवळे आणि पाच शेरांची एक गझल स्वतः रचून म्हणून दाखवावी. अलामत चुकली तर गुण कापा.