गावाची छपरी

वऱ्हाडातील जुन्या घरांना दर्शनी बाजूस एक छपरी असे. बैठकीच्या पुढे आणि रस्त्याच्या अलीकडे पसरलेली, सागवानी खांबांवर तोललेली, शेणाने सारवलेल्या भुईची ही जागा अर्धी घराची आणि अर्धी गावाची मानली जाई; तिला दार नसे, कडी-कोयंडा नसे, आणि कोपऱ्यातल्या माठावर झाकलेला गडवा कोणी उचलला याची नोंद कोणी ठेवीत नसे. पावसात सापडलेला वाटसरू, आठवडी बाजाराहून परतताना अंधार पडलेला शेजारगावचा मजूर, यात्रेला निघालेली एखादी वृद्धा, यांनी तेथे अंग टाकावे, पहाटे उठावे आणि घरधन्याला रामराम करून चालते व्हावे, इतका तो व्यवहार सहज होता. परंतु या छपरीची महती सांगताना तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. अस्पृश्य मानलेल्या माणसाला ती उघडी नव्हती; पालात राहणाऱ्या पारध्याला नव्हती; बोटे झडलेल्या महारोग्याला तर तिच्या सावलीतही उभे राहता येत नव्हते. ज्याला निवाऱ्याची सर्वांत अधिक निकड, त्याच्याच वाट्याला उघडे आकाश येई. वऱ्हाडातील बेघरांविषयीच्या लोकजागृतीचा इतिहास म्हणजे ही छपरी हळूहळू कशी रुंदावत गेली त्याचा इतिहास होय, आणि त्या इतिहासातील एक मुक्काम अमरावती-नागपूर मार्गावरील गुरुकुंज मोझरी हा आहे.

माणसे बेघर होतात ती का, याचा विचार केल्यावाचून या इतिहासाला आरंभ होत नाही. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. पुढे रयतवारी पैमाश झाली, शेताला नंबर पडला, खातेदाराच्या नावाने सात-बाराचे पूर्वज असलेले कागद तयार झाले आणि जमीन ही विकता येण्याजोगी, म्हणूनच गहाण टाकता येण्याजोगी वस्तू बनली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आगगाडी आली, सरकी काढण्याचे कारखाने उभे राहिले. आणि भाव उतरल्यावर मागे राहिले ते गहाणखत, दिवाणी दावा, हुकूमनामा, जप्ती आणि लिलाव. त्यातच १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ लागोपाठ कोसळले. तुराट्या-पऱ्हाट्यांच्या कुडाचे आणि धाब्याचे घर हे ज्याचे त्याने राखायचे असते. दोन पावसाळे धाब्यावर पांढरी माती पडली नाही तर ते गळते आणि तिसऱ्या पावसाळ्यात बसते. पोट भरण्यासाठी गाव सोडलेला माणूस परत आला, तेव्हा पुष्कळदा त्याच्या घराच्या जागी मातीचा उंचवटा उरलेला असे.

अशा काळात, २३ फेब्रुवारी १८७६ रोजी, अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. वडील मद्याच्या आहारी जाऊन अकाली वारले. विधवा सखुबाई लहान मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या माहेरच्या गावी आली, आणि डेबूजी मामांच्या आश्रयाने वाढला. गुरे राखणाऱ्या आणि नांगर हाकणाऱ्या या भाच्याने मामांची शेती फुलविली. पण भोळ्या मामांनी सावकाराच्या कागदावर उठविलेल्या अंगठ्याने ती शेती पाहता पाहता दुसऱ्याची झाली. सावकाराची माणसे ताबा घेण्यास बांधावर आली, तेव्हा तरुण डेबूजी त्यांच्यापुढे उभा ठाकला, हे दापुऱ्याच्या स्मरणात आजही आहे. आश्रित म्हणून काढलेले बालपण आणि कागदाने हिरावलेली जमीन, या दोन अनुभवांनी ज्याला निवाऱ्याची किंमत शिकविली, त्याने १ फेब्रुवारी १९०५ रोजी, पत्नी-मुलांचा संसार मागे ठेवून, आपल्या हाताने स्वतःला बेघर करून घेतले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हातात काठी आणि मातीचे फुटके गाडगे, एवढाच सरंजाम. त्या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

बाबांची लोकजागृतीची पद्धत पुन्हा पुन्हा आठवावी अशी आहे. ते गावात येत ते खराटा हातात घेऊन. कोणाशी न बोलता गल्ली झाडावी, तुंबलेली गटारे मोकळी करावी, आणि हा वेडा कोण म्हणून माणसे जमली की सांज पडल्यावर त्याच झाडलेल्या जागी कीर्तनाला उभे राहावे, असा त्यांचा क्रम असे. देवकीनंदन गोपालाचा गजर चाले, आणि मधेच थांबून ते समोरच्या माणसांना प्रश्न विचारीत: वऱ्हाडी बोलीतले, साधे, एका शब्दात उत्तर देता येईल असे. देवाला थंडी वाजते काय, देवळाला कुलूप कशाला, नवसाचे बकरे कोणी खाल्ले, आणि गावाबाहेर पालात निजलेल्याच्या पोरांनी आज काय खाल्ले. हजारोंचा समुदाय उत्तर देई. आणि स्वतःच्या तोंडून उच्चारलेले उत्तर माणसाला विसरता येत नाही, हे मर्म त्या निरक्षर कीर्तनकाराने ओळखले होते. त्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या दशसूत्रीत भुकेल्याचे अन्न, तहानलेल्याचे पाणी, उघड्याचे वस्त्र आणि गरीब मुलामुलींचे शिक्षण यांच्या पाठोपाठ बेघरांच्या आसऱ्याचे कलम येते, आणि या सर्वांना मिळून ते रोकडा धर्म म्हणत. उधारीचा धर्म परलोकात वटतो. रोकड्याचा हिशेब त्याच रात्री, त्याच गावात द्यावा लागतो.

बाबांनी तो हिशेब विटा-चुन्याने दिला. आरंभ वऱ्हाडातच झाला: पूर्णेच्या काठी ऋणमोचनला पौषातल्या यात्रेसाठी जमणाऱ्या लोकांचे हाल पाहून त्यांनी घाट बांधण्याचे काम हाती घेतले, मूर्तिजापूरला धर्मशाळा व गोरक्षण उभे राहिले, मग पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा क्षेत्री धर्मशाळा आणि सदावर्ते उभारली गेली. यांतील पंढरपूरच्या चोखामेळा धर्मशाळेचे महत्त्व वेगळे आहे. विठ्ठलाच्या नगरीत शेकडो मठ आणि वाडे असताना अस्पृश्य वारकऱ्याला मात्र वाळवंटात, आषाढाच्या पावसात, भिजत रात्र काढावी लागे; त्याला छप्पर मिळावे म्हणून १९२० च्या सुमारास ही वास्तू सिद्ध झाली, आणि १९४९ मध्ये बाबांनी ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, म्हणजे यात्रेकरूंच्या छपराखाली विद्यार्थीही राहू लागले. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातलगांसाठी धर्मशाळा झाली. बेघर म्हणजे केवळ ज्याचे घर बुडाले तो नव्हे. परक्या शहरात आजारी माणसाच्या उशाशी आलेला, फुटपाथवर वळकटी पसरणारा खेडूतही त्या रात्रीपुरता बेघरच असतो, ही दृष्टी त्यामागे होती. या सर्व इमारती लोकवर्गणीच्या. आणि ज्याने त्या उभ्या केल्या तो स्वतः त्यांच्या आत निजला नाही, बाहेर झोपडीत किंवा झाडाखाली राहिला. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावाजवळ पेढी नदीच्या परिसरात बाबांचा देहान्त झाला, तोही मोटारीतून अमरावतीकडे जाताना, वाटेवरच.

गाडगेबाबांहून तेहतीस वर्षांनी लहान असलेल्या तुकडोजी महाराजांनी हाच धागा पुढे नेला, पण तो वेगळ्या रीतीने विणला. यावली गावी ३० एप्रिल १९०९ रोजी जन्मलेला माणिक बंडोजी इंगळे हा मुलगा खंजिरी घेऊन रानावनात हिंडला, वरखेडच्या आडकोजी महाराजांचा शिष्य झाला, आणि १९३५ मध्ये मोझरीच्या माळावर त्याने गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली. बाबांनी क्षेत्रोक्षेत्री धर्मशाळा बांधल्या. महाराजांचा आग्रह असा की गावालाच धर्मशाळेचे मन असावे. त्यासाठी त्यांनी जे साधन योजिले ते सामुदायिक प्रार्थनेचे. संध्याकाळी ठरल्या वेळी गावातील सर्व माणसांनी, जातगोत न पाहता, एकाच भुईवर ओळीने बसावे. पहाटे रामधून म्हणत गल्ल्या झाडाव्या. असा नेम श्रीगुरुदेव सेवामंडळाच्या शाखांनी खेड्याखेड्यांत लावला. ओळीने बसणाऱ्या गावात आज कोण आला नाही हे ध्यानात येते. कोणाचे धाबे बसले, कोणाची म्हातारी एकटी पडली, हे चावडीच्या दप्तरात न मिळणारे वर्तमान प्रार्थनेच्या ओळीत कळते. १९५५ च्या सुमारास सिद्ध झालेल्या ‘ग्रामगीते’च्या ४१ अध्यायांत ग्रामनिर्माण, गरिबी-श्रीमंती आणि श्रमसंपत्ती यांच्याबरोबर प्रचारालाही स्वतंत्र अध्याय आहे. लोकांना जागे करणे हे कार्याच्या आधीचे नव्हे तर कार्यातलेच अंग आहे, ही जाण त्या मांडणीत दिसते. विनोबांच्या भूदानाला महाराजांनी विदर्भात आपली खंजिरी दिली, कारण ज्याच्या पायाखाली वीतभर भुई नाही त्याच्या डोक्यावर छप्पर टिकत नाही. आणि झोपडीवरचे त्यांचे ते विख्यात भजन शाळाशाळांतून म्हणताना मुलांच्या तोंडी जी झोपडी बसली, तिच्या दाराला दोरी नाही, तिथे पहारा नाही आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मोकळीक आहे. त्या भजनात मला वऱ्हाडी छपरीच ओळखू येते, मात्र या छपरीला जातीची मर्यादा उरलेली नाही.

याच काळात कायद्याची भाषा कशी होती हे शेजारी ठेवून पाहावे. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यांनी फिरत्या लोकांना जन्मतःच संशयित ठरविले, आणि ३१ ऑगस्ट १९५२ पर्यंत ती नोंद पुसली गेली नाही. १८९८ च्या महारोग्यांच्या कायद्याने रस्त्यावरच्या निर्धन रोग्याला पकडून डांबण्याचा अधिकार दिला. मुंबई राज्याच्या १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्याने तर उपजीविकेचे उघड साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणे हेसुद्धा भिकेच्या व्याख्येत घातले. सरकारी दप्तराला बेघर माणूस हा बंदोबस्ताचा विषय वाटत होता, त्याच वेळी कीर्तनाचा आणि प्रार्थनेचा प्रांत त्याला पाहुणा समजण्यास शिकत होता.

हे शिकणे वाया गेले नाही. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर अमरावतीच्या डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी, सर्वांच्या दाजीसाहेबांनी, शहराबाहेर तपोवन वसविले. आपल्याच घरच्यांनी ज्यांना उंबऱ्याबाहेर काढले होते, अशा कुष्ठरोग्यांना तेथे औषधाबरोबर काम आणि वस्ती मिळाली. आमच्या काळात अचलपूर तालुक्यातील वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी बेवारस सापडलेल्या, मूकबधिर, अंध, मतिमंद मुलांना आपले नाव पिता म्हणून लावले. ‘बेवारस’ हा पोलिसांच्या पंचनाम्यातला शब्द. तो एका माणसाने केवळ आपले नाव देऊन त्या मुलांपुरता खोटा पाडला. अठरा वर्षे पुरी होताच अशा दिव्यांग मुलांना संस्थेबाहेर काढणे म्हणजे त्यांना दुसऱ्यांदा बेघर करणे होय, तेव्हा त्यांच्या आजन्म पुनर्वसनाचा कायदा व्हावा, हा त्यांचा कित्येक वर्षांचा आग्रह आहे. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आग्रह अजून पुरा व्हायचा आहे.

२८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री जनगणनेचे प्रगणक देशभर फलाटांवर, पुलांखाली, देवळांच्या पायऱ्यांवर फिरले आणि ज्यांना घर नाही अशा माणसांची मोजदाद केली; ती संख्या १७ लाखांच्या वर भरली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे शहरात लाख वस्तीमागे १०० जणांच्या निवाऱ्याचे प्रमाण ठरले, आणि नगरपालिकांच्या अंदाजपत्रकात ‘बेघर निवारा’ हे कलम आले. हे झाले ते योग्यच झाले, आणि ते अधिक व्हावे. पण निवाऱ्याची इमारत उभी असूनही थंडीच्या रात्री माणसे तिच्याबाहेर निजतात, तेव्हा उणीव विटांची नसते; त्यांना हाताला धरून आत नेणाऱ्या माणसाची असते. गाडगेबाबांनी आधी गल्ली झाडली, मग प्रश्न विचारले, मग वर्गणी मागितली आणि अखेरीस इमारत बांधली. त्या क्रमातली पहिली तीन पावले गाळून चौथे टाकता येत नाही.

आश्विन वद्य पंचमीला, महाराजांच्या पुण्यतिथीच्या महोत्सवात, गुरुकुंजात पालख्या आणि दिंड्या येतात. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी महाराजांनी ज्या क्षणी देह ठेवला, त्या ४ वाजून ५८ मिनिटांनी सारा समुदाय जागच्या जागी मौन उभा राहतो. हे मौन सर्वांना ठाऊक आहे. मला मात्र त्यानंतरची रात्र अधिक बोलकी वाटते. राहुट्यांत आणि उघड्या मैदानावर, सतरंजीला सतरंजी लावून, माणसे निजलेली असतात. ज्यांना गावी पक्की घरे आहेत, शेते आहेत, तीही उशाला पिशवी घेऊन, आश्विनातल्या पहाटेच्या दवाने ओलसर झालेले पांघरूण अंगाभोवती घट्ट ओढून घेतात. कुशीवर वळताना शेजारच्या अनोळखी माणसाचा धक्का लागतो. अर्ध्या झोपेत कोणीतरी सरकून जागा करून देतो, नाव न विचारता, गाव न विचारता.

दुसऱ्या दिवशी ही माणसे आपापल्या गावी परततात. तेथे आता छपऱ्या फारशा उरलेल्या नाहीत. त्यांच्या जागी लोखंडी फाटके आली आहेत आणि फाटकांना रात्री कुलूप लागते. मोझरीच्या मैदानावर जो हात अर्ध्या झोपेत सरकून जागा करतो, त्याच हातात घरी ती किल्ली असते.