जवस आणि तांबेरा

श्रोतेहो, रोगाला दाद न देणारे म्हणून पेरलेले वाण काही वर्षांनी त्याच रोगाने करपते. मग आपण म्हणतो, बियाणे फसवे निघाले. पण दोष बियाण्याचाच असतो काय?

याचा उलगडा अमेरिकेत, उत्तर डकोटा राज्यातील फार्गो येथे, हॅरल्ड फ्लोर यांनी जवसावर केला. जवसाचा तांबेरा ही बुरशी. तिचे वंश अनेक. २२ क्रमांकाचा वंश ‘ऑटवा’ वाणावर पडे, ‘बॉम्बे’वर नाही. २४ क्रमांकाचा नेमका उलट. फ्लोर यांनी या दोन वाणांचा संकर केला. दुसऱ्या पिढीत दोन्ही वंशांना, एकेका वंशाला आणि कोणालाच न रोखणारी रोपे सुमारे ९:३:३:१ या प्रमाणात निघाली. म्हणजे प्रतिकार दोन स्वतंत्र जनुकांत होता.

इथवर मेंडेलचीच वाट. पण फ्लोर यांनी पुढे रोगाचाही संकर केला! २२ आणि २४ या वंशांच्या संततीतही जवळजवळ तेच प्रमाण आढळले. बुरशीतील या आनुवंशिकतेविषयी त्यांनी १९४२ साली लिहिले. निष्कर्ष असा, की पिकातील प्रत्येक प्रतिकारक जनुकाला बुरशीत एक जोडीदार जनुक असते. त्याची ओळख पटली तरच पीक रोगाला अडवते. बुरशीचे ते एक जनुक बदलले, की पहारेकरी जागा असूनही चोर ओळखू येत नाही.

तेव्हा बियाणे फसवे नव्हते. शत्रू बदलला होता. म्हणून एकाच जनुकाच्या भरवशावर सारे शिवार सोपवू नये, हा या इतिहासाचा धडा आहे.