मुंबईचे बंब : वाफेपासून हायड्रॉलिक शिडीपर्यंत
आगीच्या गाडीला मराठीत ‘बंब’ म्हणतात. मूळ पोर्तुगीज ‘बोंबा’, म्हणजे पंप. मुंबईत पूर्वी वाफेचा पंप घोडे ओढत, विसाव्या शतकात मोटारी आल्या. मात्र विद्यार्थीहो, नुसती गाड्यांची यादी पाठ करू नका. कोणत्या आगीसमोर कोणती गाडी अपुरी पडली, ते पाहा. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज पेटले. कापसाच्या गाठींसोबत त्यात स्फोटके भरली होती (असा माल एकत्र भरावा, हेच नवल!). पाणी मारता मारता स्फोट झाले. अग्निशमन दलाचे ६६ जण मृत्युमुखी पडले. पुढे उंच इमारतींसाठी ९० मीटरची हायड्रॉलिक शिडी आली. काळबादेवीच्या अरुंद गल्ल्यांत मात्र लहान गाडीच शिरते.