हिटलरची सुरक्षाव्यवस्था : पहारे आणि पळवाटा

अडॉल्फ हिटलरच्या अंगरक्षकांचा इतिहास तो सत्तेवर येण्याच्या दहा वर्षे आधी सुरू होतो. 1923 मध्ये म्युनिकमध्ये त्याच्याभोवती निष्ठावान कार्यकर्त्यांची एक लहान तुकडी उभी राहिली. त्याच वर्षी 9 नोव्हेंबरला नाझींच्या फसलेल्या उठावात पोलिसांनी मोर्चावर गोळीबार केला, तेव्हा उलरिश ग्राफ हा अंगरक्षक हिटलरच्या आड आला. त्याला अनेक गोळ्या लागल्या, तरी तो वाचला. हिटलरचा फक्त खांदा निखळला.

पुढे 1932 मध्ये निवडणूक प्रचाराचे दौरे वाढले. तेव्हा एसएस संघटनेतून आठ जणांचे एक सोबतपथक निवडण्यात आले. हे लोक हिटलरच्या अगदी निकट असत. पहाऱ्याबरोबरच निरोप पोचवणे, दूरध्वनी घेणे अशी कामेही तेच करत. 1933 मध्ये हिटलर चॅन्सेलर झाल्यावर आणखी दोन दले उभी राहिली. बर्लिनच्या चॅन्सेलरीवर पहारा देण्यासाठी सुमारे 120 एसएस सैनिकांची तुकडी नेमली गेली. तिचेच पुढे ‘लाइबश्टांडार्ट’ झाले. दुसरे दल योहान राटनह्यूबर यांच्या हाताखालचे, बव्हेरियातील प्रशिक्षित पोलिसांचे होते. या पोलिसांवर हिटलरचा सुरुवातीला भरवसा नव्हता. 1935 मध्ये या दलाला ‘राइश सुरक्षा सेवा’ हे नाव मिळाले. दौऱ्यापूर्वी मार्ग आणि इमारती तपासणे, संशयितांची चौकशी करणे ही त्याची कामे होती. युद्धकाळात मुख्यालयाचा बाहेरचा पहारा लष्कराच्या खास तुकडीकडे आला.

दले इतकी झाली, तरी सर्वांवर हुकूम चालवणारा एकच अधिकारी नव्हता. त्याची किंमत 1939 मध्ये दिसली. म्युनिकच्या ब्युर्गरब्रॉय बिअर हॉलमध्ये दरवर्षी 8 नोव्हेंबरला हिटलरचे भाषण होई. तिथल्या बंदोबस्तावरून पोलीस आणि पक्षाचे स्थानिक पुढारी यांच्यात पूर्वीच वाद झाला होता आणि हिटलरने पक्षाच्या बाजूने कौल दिला होता. त्यामुळे हॉलची कसून तपासणी होत नसे. गेओर्ग एल्झर या सुताराने तिथे तीसहून अधिक रात्री लपून राहून व्यासपीठामागचा खांब पोखरला आणि त्यात घड्याळाचा बॉम्ब बसवला. स्फोट ठरल्याप्रमाणे रात्री 9 वाजून 20 मिनिटांनी झाला व त्यात आठ जण मेले. मात्र त्या दिवशी भाषण लवकर आटोपून हिटलर 13 मिनिटे आधीच निघून गेला होता.

त्याच्या आदल्याच वर्षी मॉरिस बाव्हो हा स्विस तरुण म्युनिकच्या संचलनात पिस्तूल घेऊन प्रेक्षकांत बसला होता. समोरच्या लोकांनी सलामीसाठी हात उंचावल्याने त्याला नेम धरता आला नाही. पुढे विनातिकीट रेल्वेप्रवासात तो पकडला गेला आणि 1941 मध्ये त्याला मृत्युदंड देण्यात आला.

हिटलर स्वतः अनियमितपणालाच मोठे संरक्षण मानत असे. वेळ आणि मार्ग तो ऐनवेळी बदले. मार्च 1943 मध्ये बर्लिनच्या शस्त्रागारातील प्रदर्शनात रुडॉल्फ फॉन गेर्सडॉर्फ हा अधिकारी अंगावर बॉम्ब बांधून हजर होता. हिटलर काही मिनिटांतच बाहेर पडला आणि गेर्सडॉर्फला घाईघाईने बॉम्ब निकामी करावा लागला. मार्च 1944 मध्ये एबरहार्ड फॉन ब्राइटेनबुख हा अधिकारी खिशात पिस्तूल लपवून हिटलरच्या डोंगरावरील निवासस्थानी गेला, पण पहारेकऱ्यांनी त्या दिवशी सहायकांना बैठकीच्या खोलीत जाऊच दिले नाही.

पूर्व प्रशियातील ‘वोल्फशान्झ’ मुख्यालय तर तटबंदीच होते. एकात एक तीन सुरक्षाक्षेत्रे, काटेरी तारा, भूसुरुंग आणि प्रत्येक टप्प्यावर पास तपासणी अशी तिथली व्यवस्था होती. तरीही 20 जुलै 1944 रोजी कर्नल क्लाउस फॉन श्टाउफेनबेर्ग बॅगेत बॉम्ब घेऊन थेट बैठकीत पोचला. त्याच्याकडे पास होता आणि अधिकाऱ्यांच्या बॅगा उघडून पाहण्याची पद्धत नव्हती. आणलेल्या दोन स्फोटकांपैकी एकच त्याला सज्ज करता आले. शिवाय बॅग टेबलाच्या जाड लाकडी आधारापलीकडे सरकवली गेली. चौघांचा जीव गेला. हिटलर किरकोळ जखमांवर सुटला. त्यानंतर मात्र भेटीस येणाऱ्या अधिकाऱ्यांचीही झडती सुरू झाली, शस्त्रे आणि बॅगा दाराबाहेर ठेवाव्या लागू लागल्या.

पिस्तूल घेऊन आलेल्या अनोळखी माणसाला अंतरावर ठेवणे या दलांना बऱ्याच अंशी जमले. पास असलेल्या लष्करी अधिकाऱ्यापुढे आणि आपसातल्या अधिकारवादापुढे मात्र ती तोकडी पडली. अशा वेळी हिटलरला बहुधा योगायोगानेच तारले. 30 एप्रिल 1945 रोजी त्याने बर्लिनच्या बंकरमध्ये आत्महत्या केली आणि त्याच्या आदेशानुसार प्रेत पेट्रोल ओतून जाळण्याचे काम निकटच्या सेवक-रक्षकांनी केले.