टप उतरविलेली मोटार : युद्धोत्तर अमेरिकी कन्व्हर्टिबल गाड्यांच्या बाह्यरूपाचा तौलनिक विचार

प्रस्तावना :
दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकी समाजजीवनाचा अभ्यास मोटारीचा उल्लेख केल्याशिवाय पुढे सरकत नाही. तथापि हा उल्लेख बहुधा उत्पादनाचे आकडे, महामार्ग आणि उपनगरांची वाढ यांच्या ओघात येतो. मोटारीच्या बाह्यरूपाकडे इतिहासाचे साधन म्हणून क्वचितच पाहिले जाते. प्रस्तुत निबंधात कन्व्हर्टिबल, म्हणजे टप दुमडून मागे ठेवता येणाऱ्या दोन गाड्यांची तुलना केली आहे : १९५९ ची कॅडिलॅक आणि १९६१ ची लिंकन कॉन्टिनेंटल. पहिली उधळपट्टीची व दुसरी संयमाची प्रतिनिधी मानण्याचा प्रघात आहे. तो कितपत टिकतो, हा येथील प्रश्न आहे.

या विचारासाठी कन्व्हर्टिबल हा प्रकार विशेष उपयुक्त ठरतो. सिडान गाडीत नजर छपरावर आणि खिडक्यांवर विभागली जाते. टप उतरला की उरते ती बॉनेटपासून डिकीपर्यंत धावणारी बाजूची एकच रेषा. आकारकाराला आपले गुणदोष लपविण्यास जागा राहत नाही. शिवाय ही गाडी थोडी विकली जात असली तरी गिऱ्हाइकाला शोरूमकडे खेचण्याचे काम तिच्याकडे असे. व्हान्स पॅकार्ड यांच्या १९५७ मधील ‘द हिडन पर्सुएडर्स’ या ग्रंथात अर्नेस्ट डिक्टर यांच्या पाहणीची नोंद आहे. तीनुसार पुरुष ग्राहक कन्व्हर्टिबल पाहून आत येत आणि सिडान घेऊन बाहेर पडत. डिक्टर यांनी तिला प्रेयसीची आणि सिडानला पत्नीची उपमा दिली होती. उपमेतील पुरुषी दृष्टी आज खटकेल. परंतु आकारकार कोणासाठी काम करीत होते, हे तिच्यातून उघड होते.

विमानाचे पंख, मोटारीची शेपटी :
जनरल मोटर्समध्ये १९२७ पासून बाह्यरूपाचा विभाग सांभाळणारे हार्ली अर्ल हे या काळातील मध्यवर्ती नाव. १९४८ च्या कॅडिलॅकवर दिसलेले छोटे पंख लॉकहीडच्या पी-३८ या दुहेरी शेपटीच्या लढाऊ विमानावरून सुचलेले होते. १९५३ च्या कॅडिलॅक एल्डोराडोत समोरची काच दोन्ही बाजूंना वळविण्यात आली, दारांपाशी कंबररेषा किंचित खाली आणली गेली आणि दुमडलेला टप धातूच्या झाकणाखाली गेला. किंमत ७,७५० डॉलर, संख्या अवघी ५३२. त्याच वर्षी अध्यक्षपदाच्या शपथविधीच्या मिरवणुकीत आयझेनहॉवर याच गाडीत उभे होते. या गाडीचे पंख अद्याप मर्यादेत आहेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

ती मर्यादा मोडली स्पर्धेने. क्रायस्लरचे व्हर्जिल एक्सनर यांनी १९५७ साठी बुटक्या, उंच पंखांच्या गाड्या आणल्या. त्या पाहून जनरल मोटर्समधील तरुण आकारकारांनी, अर्ल परदेशी असताना, १९५९ चे आराखडे बदलण्यास घेतले. त्यांतून २२५ इंच लांबीची, सुळक्यासारख्या पंखांची आणि प्रत्येक पंखात बंदुकीच्या गोळ्यांसारखे दोन लाल दिवे असलेली कॅडिलॅक जन्मली. रेमंड लोवी यांनी क्रोमने मढविलेल्या गाड्यांवर १९५५ मध्येच कडक टीका केली होती. तिचा परिणाम झालेला दिसत नाही. मात्र या पंखांना केवळ अभिरुचीचा ऱ्हास म्हणणे उथळ ठरेल. दरवर्षी जुने मॉडेल कालबाह्य वाटावे, हे अर्ल यांचे जाहीर धोरणच होते, आणि वर्षागणिक वाढविता येईल असा पंखाइतका सोयीचा भाग गाडीत दुसरा नव्हता.

संयमाची किंमत :
१९६१ ची कॉन्टिनेंटल या धोरणाला उत्तर वाटते. एलवूड एंगेल यांचा हा आराखडा मुळात थंडरबर्ड या मॉडेलसाठी होता. पुढे व्हिएतनाम युद्धामुळे जगाला परिचित झालेले रॉबर्ट मॅकनमारा तेव्हा फोर्डमध्ये होते. त्यांनी तो लिंकनकडे वळविला. आदल्या वर्षीच्या लिंकनपेक्षा गाडी सुमारे १५ इंचांनी आखूड झाली. सपाट बाजू, त्यांच्या वरच्या कडेने धावणारी चकचकीत धातूची एक पट्टी, समोरासमोर उघडणारी चार दारे; बस, इतकेच.

परंतु टप उतरविताना हा साधेपणा वेगळा दिसू लागतो. इतर बहुतेक कन्व्हर्टिबल गाड्यांत दुमडलेला टप मागील आसनामागे फुगवट्यासारखा राही. कॉन्टिनेंटलमध्ये डिकीचे झाकण मागच्या बाजूस उघडून संपूर्ण टप आत गडप होई. त्यासाठी मोटर, रिले आणि स्विच यांचे जाळे लागे. टप आत गेला की सामानाला जागाच उरत नसे. चार दारांची छपराविना चौकट ताठ राहावी म्हणून भरलेल्या पोलादामुळे वजन ५,००० पौंडांच्या पुढे गेले. म्हणजे बाजूची रेषा निर्वेध दिसावी यासाठी येथे यंत्र लपविण्यात आले, कमी करण्यात आले नाही. दिखावा दोन्ही गाड्यांत आहे. कॅडिलॅक तो पंखांवर मिरविते आणि लिंकन डिकीत दडविते. ‘उधळपट्टीकडून संयमाकडे’ हे सूत्र म्हणूनच अपुरे पडते.

बाजारातही संयमाचा विजय झाला असे म्हणता येत नाही. १९६१ मध्ये कॉन्टिनेंटलच्या २,८५७ कन्व्हर्टिबल तयार झाल्या, तर १९५९ मध्ये कॅडिलॅकच्या साध्या ‘६२’ मालिकेतील कन्व्हर्टिबलच ११,१३० होत्या. आकारकारांच्या वर्तुळात मान लिंकनला मिळाला, एवढे खरे. कॅडिलॅकने १९६० पासून पंख उतरवीत नेले आणि १९६५ मध्ये ते टाकून दिले. लिंकनची चार दारांची कन्व्हर्टिबल १९६७ नंतर बंद झाली. कॅडिलॅकने मात्र १९७६ पर्यंत, वातानुकूलन आणि वेगवान महामार्गांनी उघड्या गाडीची गोडी कमी केल्यानंतरही, एल्डोराडो कन्व्हर्टिबल बनविली; त्या वर्षीच्या १४,००० गाड्यांपैकी अखेरच्या २०० पांढऱ्या रंगाच्या होत्या.